मीठ पाण्यात, डिटर्जंट पाण्यावर: पाण्याच्या गुणधर्मांच्या एका प्रयोगसंचाचं परीक्षण

पाण्यात मीठ किंवा डिटर्जंट घातलं की काय होतं, एवढ्या एकाच प्रश्नावर हा अख्खा प्रयोगसंच उभा आहे. खोक्यावर वय दहा वर्षं आणि पुढे असं लिहिलंय. आत ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, १०० मिलिचं मोजपात्र, २५० मिलिची दोन चंचुपात्रं, प्लास्टिकचे चार ड्रॉपर, डिजिटल तापमापी, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज देणारा), अर्धा किलो मीठ, द्रव डिटर्जंटची बाटली, साबणाचा चुरा, एप्सम सॉल्टची (मॅग्नेशियम सल्फेटची) पुडी, तारेची चौकट, दोरा, स्टीलच्या क्लिपा, मिरपूड आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडायची एक एलईडी आहे. सोबत प्रयोगांची पुस्तिका.

साहित्य चांगलं आहे, काही बाबतींत तर अपेक्षेपेक्षा चांगलं. पुस्तिका मात्र निम्मी उत्तम आणि निम्मी निष्काळजी आहे. संच घेतलात तर सामान तेच ठेवून प्रमाणं आणि क्रम थोडे बदलावे लागतील. कुठे आणि का, ते खाली दिलंय.

पुस्तिकेच्या सुरुवातीला जे ठळकपणे यायला हवं होतं ते कुठेच नाही. मीठ आणि डिटर्जंट दोन्ही पाण्यात विरघळतात, पण त्यांची राहायची जागा वेगळी. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पाण्याच्या आत, सगळीकडे पसरतात आणि पृष्ठभागापासून थोडे दूरच राहतात. डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि लांब शेपटी पाण्याला टाळते, म्हणून तो आधी पृष्ठभागावर जाऊन बसतो. परिणाम दिसायला मीठ ग्रॅमांनी लागतं आणि डिटर्जंट थेंबाने पुरतं, ते यामुळेच. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा आक्रसू पाहतो, त्या ओढीला पृष्ठताण म्हणतात. २० अंश सेल्सियसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२.८ मिलिन्यूटन असतो. लिटरभर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ घातलं तरी तो जेमतेम दीडने वाढतो. होय, वाढतो. उलट डिटर्जंटचे काही थेंब तोच पृष्ठताण तिशीच्या आसपास आणून ठेवतात. हे दोन आकडे डोक्यात ठेवले की संचातला प्रत्येक प्रयोग कुठल्या बाजूचा आहे ते आपोआप कळतं. पुस्तिकेने ‘मिठाचे प्रयोग’ आणि ‘साबणाचे प्रयोग’ असे दोन कप्पे करून टाकलेत, त्यामुळे मूळ धागाच सुटतो.

थेंब मोजण्याचा प्रयोग

संचातला सगळ्यात मोलाचा प्रयोग पुस्तिकेने मागच्या पानावर टाकलाय: एका मिलिलिटरमध्ये ड्रॉपरमधून किती थेंब पडतात ते मोजणं. नाण्यावर थेंब रचण्याचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, पण त्यात नाणं किती स्वच्छ आहे, हात किती थरथरतो यावर उत्तर बदलतं. थेंब मोजण्यात तसं होत नाही. ड्रॉपरच्या तोंडाला लटकलेला थेंब पृष्ठताणाच्या जोरावर लटकत असतो. त्याचं वजन त्या जोराच्या पलीकडे गेलं की तो सुटतो. पृष्ठताण कमी असेल तर थेंब लहान असतानाच सुटतो आणि मिलिलिटरमागे थेंबांची संख्या वाढते.

कृती अशी. काट्यावर रिकामं चंचुपात्र ठेवून काटा शून्यावर आणा. ड्रॉपर सरळ उभा धरा, तिरका नको. काटा १.० ग्रॅम दाखवेपर्यंत थेंब मोजत सोडा. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर, तेव्हा मोजपात्राच्या रेघांवर डोळे फोडायची गरज नाही. संचातल्या ड्रॉपरने साध्या पाण्याचे बावीसच्या आसपास थेंब येतात. खरं म्हणजे एक ग्रॅमऐवजी पाच ग्रॅमपर्यंत मोजून पाचाने भागावं, कारण ०.१ ग्रॅमची अचूकता एका ग्रॅमवर दहा टक्क्यांची चूक देते.

आता १०० मिलि पाण्यात डिटर्जंटचा एक थेंब घालून हलक्या हाताने ढवळा, फेस होऊ देऊ नका, आणि पुन्हा मोजा. मग एकूण दोन थेंब, चार थेंब, आठ थेंब. संख्या आधी झपाट्याने वाढते आणि मग एका जागी थांबते. ही थांबण्याची जागा म्हणजे या प्रयोगाचा प्राण. पृष्ठभाग भरला की उरलेले डिटर्जंटचे रेणू पाण्याच्या आत शेपट्या आतल्या बाजूला लपवून गोळा होऊ लागतात. या गोळ्यांना मायसेल म्हणतात. त्यापुढे डिटर्जंट कितीही ओता, पृष्ठताण उतरत नाही. सोडियम लॉरिल सल्फेट या नेहमीच्या डिटर्जंट-घटकासाठी ही पातळी २५ अंशांना लिटरला साधारण २.४ ग्रॅम आहे. बाटलीतल्या मिश्रणात ती वेगळी असते आणि बहुधा त्याहून कमी. पुस्तिकेत मात्र ‘एक मोठा चमचा डिटर्जंट घाला’ असं लिहिलंय. एवढ्याने थेंबांच्या संख्येचा चढ दिसतच नाही, ती जिथे थांबते तिथेच आपण थेट पोहोचतो. ही ओळ खोडून टाकावी.

इथे दोन गोष्टी चुकतात आणि दोन्हीची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. पहिली म्हणजे घाई. थेंब भराभर सोडले तर डिटर्जंटच्या पाण्याचेही मोठे थेंब पडतात आणि ‘काहीच फरक नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्येक नव्या थेंबाचा पृष्ठभाग नवा असतो. आतल्या रेणूंना तिथवर यायला वेळ लागतो आणि डिटर्जंट जितकं विरळ तितका जास्त वेळ. दोन-तीन सेकंदांना एक थेंब हा वेग ठेवा. दुसरी अडचण ड्रॉपरची आहे. पृष्ठताणाच्या गणिताप्रमाणे बावीसचे पन्नासच्या पुढे थेंब व्हायला हवेत, पण येतात त्याहून कमी. ड्रॉपर पॉलिथिनचा आहे. साधं पाणी त्याला चिकटत नाही, म्हणून थेंब आतल्या बारीक कडेवरून लटकतो. डिटर्जंटचं पाणी प्लास्टिकवर पसरतं आणि बाहेरच्या रुंद कडेवरून लटकतं. कड रुंद झाली की थेंब मोठा होतो. ड्रॉपरचं टोक जाड ठेवण्यात उत्पादकाची चूक झाली आहे. काचेचा, बारीक तोंडाचा ड्रॉपर मिळाला तर तो वापरा, आकडे लगेच सुधारतात.

मिरपूड आणि क्लिपचे प्रयोग ठीक आहेत. ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरवून मध्ये डिटर्जंटमध्ये बुडवलेल्या काडीचं टोक लावलं की पूड कडेला पळते, कारण मधला ताण उतरतो आणि कडेचा जास्त ताण पृष्ठभागाला आपल्याकडे ओढतो. दुसऱ्यांदा केला की प्रयोग चालत नाही. ताटलीला राहिलेलं डिटर्जंट त्याला पुरेसं असतं, म्हणून ताटली गरम पाण्याने चार-पाच वेळा खळखळून घ्या. क्लिप तरंगवताना ती टिश्यूच्या तुकड्यावर ठेवून कागद बुडू द्यावा. त्याच पाण्यात कडेने मिठाचं पाणी सोडून बघा, क्लिप हलत नाही. मग डिटर्जंटचा एक थेंब सोडा.

मिठाची बाजू

पाकिटातलं मीठ शुद्ध सोडियम क्लोराइड आहे आणि ही निवड कौतुकाची. बाजारातल्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जी पूड मिसळलेली असते ती पाण्यात विरघळत नाही आणि द्रावण गढूळ दिसतं. मुलांना मग वाटतं की मीठ पूर्ण विरघळलं नाही. या मिठाचं द्रावण काचेसारखं स्वच्छ राहतं.

विद्राव्यतेचा प्रयोग करताना वजनानेच चला. खोलीच्या तापमानाला १०० मिलि पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावतं. पुस्तिका म्हणते की गरम पाण्यात ‘खूप जास्त’ मावतं. साखरेच्या बाबतीत ते बरोबर, मिठाच्या बाबतीत नाही. शून्य अंशाला ३५.७ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात सुमारे ३९ ग्रॅम, एवढाच फरक. गरम पाण्यात मीठ लवकर विरघळतं, जास्त नाही. या दोन गोष्टींची गल्लत पाठ्यपुस्तकं वाचलेली मोठी माणसंही करतात, तेव्हा निदान प्रयोगसंचाने तरी ती करू नये.

याच प्रयोगातून दोन निरीक्षणं फुकटात मिळतात आणि पुस्तिकेत एकाचाही उल्लेख नाही. मीठ घालण्याआधी आणि विरघळल्यावर तापमान बघा. १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम मीठ घालून जोरात ढवळलं की पारा एक-दीड अंश खाली येतो. स्फटिक मोडायला लागणारी ऊर्जा आयनांना पाण्याने वेढल्यावर मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा किंचित जास्त असते आणि ती उणीव पाणी आपल्या उष्णतेतून भरून काढतं. मीठ आणि पाणी आधी एकाच तापमानाला हवेत, नाहीतर हा छोटा फरक हरवून जातो.

दुसरं निरीक्षण आकारमानाचं. ३६ ग्रॅम मिठाचं स्वतःचं आकारमान साडेसोळा मिलिलिटरच्या पुढे आहे. १०० मिलि पाण्यात ते विरघळवलं तर ११६ च्या वर भरायला हवं, प्रत्यक्षात भरतं साधारण ११३. तीन मिलिलिटर कुठे गेले? आयनांभोवती पाण्याचे रेणू मोकळ्या पाण्यातल्यापेक्षा दाटीने बसतात. संचातलं मोजपात्र १०० मिलिचंच असल्यामुळे हे निम्म्या प्रमाणात करा: ५० मिलि पाणी, १८ ग्रॅम मीठ, आणि वाचन ५८ च्या ऐवजी साडेछप्पन्नच्या आसपास. मोजपात्राच्या रेघा एकेक मिलिलिटरच्या आहेत, त्यामुळे डोळा पाण्याच्या पातळीला आणून खोलगट भागाच्या तळाशी वाचलं तर फरक पकडता येतो. ढवळलेली काडी पात्रातच झटका. तिला लागून राहिलेले थेंबसुद्धा इथे महाग पडतात.

अंडं तरंगवण्याचा प्रयोग प्रत्येक संचात असतो, इथेही आहे. पुस्तिकेतलं ‘मीठ घालत राहा’ हे वाक्य काहीच सांगत नाही. २०० मिलि पाण्यात पाच-पाच ग्रॅम मीठ घालत जा आणि दर वेळी अंडं बाहेर काढून पूर्ण ढवळा. ताज्या अंड्याची घनता १.०८ धरली तर पंचवीस ग्रॅमच्या आसपास ते उचललं जातं. अंडं शिळं असेल तर बरंच आधी वर येतं, कारण कवचातून पाणी उडून आतली हवेची पोकळी मोठी झालेली असते. न ढवळता केलं तर मीठ तळाशी साचतं, खाली दाट आणि वर विरळ पाणी होतं आणि अंडं मध्येच लटकतं. ते दृश्य सुंदर असतं, पण मोजमापाला निरुपयोगी.

रंगीत थरांचा प्रयोग मात्र मनापासून करावा असा. १०० मिलिमागे ०, ७, १५ आणि २५ ग्रॅम मिठाची चार द्रावणं, प्रत्येकात वेगळा खाण्याचा रंग. दाट द्रावण सगळ्यात खाली. पुढचं प्रत्येक द्रावण उलट्या चमच्यावरून किंवा ड्रॉपरने पात्राच्या भिंतीवरून थेंबथेंब सोडायचं. पुस्तिका सांगते की थर ‘काही मिनिटं’ टिकतात. नीट ओतले तर दुसऱ्या दिवशीही दिसतात. मिठाचे आयन स्थिर पाण्यात नुसत्या विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, एक सेंटिमीटर सरकायला काही तास घेतात. थर लगेच मिसळले तर दोष मिठाला देऊ नका, हाताला द्या.

बर्फ आणि उकळणं: पुस्तिका इथे चुकीची आहे

बर्फात मीठ घालून तापमान खाली नेण्याचा प्रयोग बरोबर दिलाय. वजनाने तीन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग मीठ. सैद्धांतिक तळ उणे २१.१ अंशांचा, घरच्या भांड्यात उणे पंधराच्या खाली गेलात तरी चांगलं. बर्फाचे मोठे खडे वापरले तर मीठ मध्ये घसरून तळाशी जातं आणि तापमान अर्ध्यावर अडतं. हे मिश्रण हातात धरायचं नाही, त्वचेला थंडीचा चटका बसतो. हा इशारा पुस्तिकेत बारीक अक्षरात आहे, तो पहिल्या ओळीत हवा होता.

पण पुढच्या पानावर लिहिलंय की खाऱ्या पाण्यात सोडलेला बर्फाचा खडा साध्या पाण्यातल्यापेक्षा लवकर वितळतो, ‘कारण मीठ बर्फ वितळवतं’. खोलीच्या तापमानाच्या पाण्यात करून बघितलं तर नेमकं उलटं होतं. रंगीत पाण्याचे दोन सारखे खडे करा. एक साध्या पाण्यात, दुसरा १०० मिलिला १५ ग्रॅम मिठाच्या पाण्यात सोडा आणि हात लावू नका. साध्या पाण्यात वितळलेलं थंड पाणी जड असल्यामुळे रंगाच्या धारा होऊन खाली उतरतं, त्याच्या जागी कोमट पाणी वर येतं आणि खड्याला सतत ऊब मिळते. खाऱ्या पाण्यात वितळलेलं गोडं पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते खड्याभोवती वरच साचतं आणि त्याला थंड पाण्याची गादी मिळते. खडा बराच वेळ टिकतो. ढवळत राहिलात तर ही गादीच मोडते आणि फरक जातो. पुस्तिका लिहिणाऱ्याने हा प्रयोग स्वतः केलेला नाही हे उघड आहे. मुलाला उत्तर आधी वाचू न देता हा प्रयोग करायला द्या, यापेक्षा चांगला धडा या खोक्यात नाही.

उकळण्याच्या पानावरही तशीच चूक आहे. ‘मीठ घातल्याने पाणी लवकर उकळतं.’ मिठाने उत्कलनबिंदू चढतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम मिठाने तो अंशाच्या दहाव्या भागाइतकासुद्धा हलत नाही, आणि २०० मिलिमध्ये २० ग्रॅम घातलं तर सुमारे पावणेदोन अंशांनी चढतो. उकळीला आलेल्या पाण्यात मीठ टाकताच जे भस्सकन बुडबुडे उठतात, ते दाण्यांच्या खडबडीत पृष्ठभागावर वाफेला जागा मिळते म्हणून. या गैरसमजाचं मूळ बहुतेक तिथेच असावं. त्या उसळीने हात भाजू शकतो, तेव्हा मीठ थंड पाण्यातच घालावं. तापमापीची चूक एका अंशापर्यंत असू शकते आणि समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू अंशभर उतरतो, म्हणून १०० हा आकडा शोधत बसू नका. एकाच तापमापीने साधं आणि खारं पाणी लागोपाठ मोजा आणि वजाबाकी करा, म्हणजे दोन्ही चुका कटतात.

टीडीएस मीटर आणि बॅटरी

मीटर दर्जेदार आहे, पण तो काय मोजतो ते पुस्तिकेने नीट सांगितलेलं नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका ठरीव संख्येने गुणून विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज देतो. लिटरला एक ग्रॅम मिठाच्या द्रावणात तो हजाराच्या जवळ आकडा दाखवतो, म्हणजे गुणक मिठाच्या हिशोबाने बसवलेला आहे. साखर कितीही घाला, आकडा हलणार नाही. डिटर्जंट घातलं तर थोडा हलतो, कारण त्याच्या रेणूसोबत सोडियमचा आयन असतो. अंड्याच्या प्रयोगातलं पाणी त्याच्या आवाक्याबाहेर आहे. त्यात बुडवला की पडद्यावर चुकीचा संकेत येतो आणि मीटर बिघडल्यासारखा वाटतो. दहा मिलि द्रावण लिटरभर करून मोजा आणि शंभराने गुणा. दाट पाणी तसंच मोजून उपयोग नाही, कारण दाट द्रावणात आयन एकमेकांना अडवतात आणि वाहकता मिठाच्या प्रमाणात वाढत नाही.

एलईडी आणि बॅटरीचा प्रयोग आम्ही या वयोगटासाठी सुचवणार नाही. मिठाच्या पाण्यात नऊ व्होल्ट सोडले की ऋण टोकावर हायड्रोजन आणि धन टोकावर क्लोरीन वायू सुटतो. काही सेकंद, खिडकी उघडी ठेवून आणि मोठं माणूस शेजारी असताना केलं तर चालेल. पुस्तिकेत ‘पाच मिनिटं निरीक्षण करा’ असं आहे, ते धोक्याचं आहे. वाहकता दाखवायला टीडीएस मीटर हाताशी असताना या तारांची गरजही नाही.

मीठ आणि डिटर्जंट एकत्र

संचाची खरी ताकद इथे आहे आणि पुस्तिकेने याला फक्त दीड पान दिलंय. साहित्य मात्र सगळं आहे.

आधी आवर्जून करावा असा एक प्रयोग, जो पुस्तिकेत नाही. १०० मिलि पाण्यात डिटर्जंटचा एकच थेंब घालून थेंबांची संख्या मोजा. आता त्यातच ०.६ ग्रॅम मीठ विरघळवा आणि पुन्हा मोजा. संख्या वाढते, म्हणजे पृष्ठताण आणखी उतरला. मीठ एकटं असताना पृष्ठताण चढवतं आणि डिटर्जंटच्या सोबत असताना उतरवतं! बाटलीतल्या डिटर्जंटच्या रेणूंची पाण्यातली टोकं ऋणभारित असतात, म्हणून पृष्ठभागावर ती एकमेकांना दूर ढकलतात. सोडियमचे आयन मध्ये आले की ही ढकलाढकल कमी होते, रेणू जवळजवळ बसतात आणि तेवढ्याच जागेत जास्त मावतात. मायसेलही लवकर होऊ लागतात. सोडियम लॉरिल सल्फेटला त्यासाठी साध्या पाण्यात लिटरला ८.२ मिलिमोल (म्हणजे वर सांगितलेले २.४ ग्रॅमच) लागतात, लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास मीठ असलेल्या पाण्यात दीडच्या जवळ. आधी आठ थेंबांचं द्रावण घेतलंत तर फरक दिसणार नाही, तिथे पृष्ठभाग भरून गेलेला असतो.

मग दाटपणाचा प्रयोग. बाटलीवर ‘मीठ न घातलेलं’ असं लिहिलंय आणि ते महत्त्वाचं आहे. ५० ग्रॅम डिटर्जंट घ्या आणि ०.३ ग्रॅमच्या टप्प्याने मीठ घालत जा. मीठ आधी अगदी थोड्या पाण्यात विरघळवून घेतलंत तर बरं, दाणे दाट द्रवात तळाशी अडकतात. सुरुवातीला काही होत नाही. मग एक-दोन टक्क्यांच्या सुमारास द्रव मधासारखा ओघळू लागतो आणि चमचा उचलला की लांब तार येते. आणखी मीठ घालत गेलात की तो पुन्हा पातळ होतो. पातळ होताना पाहून प्रयोग फसला असं समजू नका. आधी गोल असलेले मायसेल मिठामुळे लांबट धाग्यांसारखे होतात आणि एकमेकांत गुंततात. मीठ त्याहून वाढलं की त्यांना फांद्या फुटून गाठी सरकत्या होतात आणि प्रवाह मोकळा होतो. द्रव डिटर्जंट आणि शाम्पू दाट करण्यासाठी कारखान्यांत हीच युक्ती वापरतात. म्हणूनच दाट दिसणाऱ्या बाटलीत साफ करणारा पदार्थ जास्तच असेल असं नाही. टप्प्याटप्प्याने दाटपणा मोजायला काचेची गोटी टाकून ती तळाशी जायला किती सेकंद लागतात ते बघा. गोटी संचात नाही. ढवळताना हवा आत अडकते आणि बुडबुड्यांमुळे वाचन बिघडतं, तेव्हा प्रत्येक टप्प्यानंतर भांडं ४० अंशांच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून बुडबुडे वर येऊ द्या आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच गोटी टाका. गरम असताना टाकलीत तर तापमानाचाच दाटपणा मोजला जाईल.

साबणाचं वागणं निराळं. पाच ग्रॅम साबणचुरा १०० मिलि गरम पाण्यात पूर्ण विरघळवा आणि त्यात वीस ग्रॅम मीठ घाला. साबण दह्याच्या कवड्यांसारखा फुटून वर येतो. पाण्यात सोडियम इतकं वाढतं की साबणाला विरघळून राहायला वाव उरत नाही. साबण बनवताना ग्लिसरीनपासून साबण वेगळा काढायची जुनी पद्धत हीच. पुस्तिकेने थंड पाणी सांगितलंय. थंड पाण्यात साबण आधीच अर्धवट विरघळलेला असतो, त्यामुळे मिठाने काय केलं ते ओळखूच येत नाही.

जड पाण्यासाठी, म्हणजे ज्यात साबणाला सहज फेस येत नाही अशा पाण्यासाठी, एप्सम सॉल्ट दिलंय आणि पुस्तिका म्हणते ‘चिमूटभर’. चिमटीत किती येतं यावर सगळा प्रयोग अवलंबून ठेवणं बरं नाही. ७.४ ग्रॅम एप्सम सॉल्ट लिटरभर पाण्यात विरघळवा. हे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने लिटरला ३,००० मिलिग्रॅम जडपणाचं मूळ द्रावण झालं. त्यातलं १० मिलि घेऊन १०० मिलि केलं की ३०० चं पाणी तयार, म्हणजे चांगलंच जड. अशाच रीतीने ५० आणि १५० चं करा. द्रावण विरळ करायला ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणीच घ्या, नळाच्या पाण्यात आधीच जडपणा असतो. झाकणाच्या बाटलीत प्रत्येकी ५० मिलि घेऊन साबणाच्या पाण्याचे थेंब घालत जा, दर वेळी बाटली हलवा आणि अर्धा मिनिट टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते लिहा. जड पाण्यात सुरुवातीचे थेंब फेस न होता पांढरा चोथा होऊन जातात, मॅग्नेशियमला साबण चिकटून बसतो. डिटर्जंटने हेच केलं तर फरक फारच कमी दिसतो. आणि एक बाटली नुसत्या मिठाच्या पाण्याची ठेवा, जिचा टीडीएस जड पाण्याइतकाच असेल. मीटर दोन्ही पाण्यांना सारखंच म्हणतो, साबण मात्र मॅग्नेशियमचं पाणी लगेच ओळखतो. टीडीएस जास्त म्हणजे पाणी जड, हा समज मोडायला यापेक्षा सोपा पुरावा नाही.

पुस्तिकेत एक पान मनापासून आवडलं. ॲग्नेस पॉकेल्स या जर्मन संशोधिकेने घरच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या पृष्ठभागावरच्या थरांचा ताण मोजण्याचं साधन बनवलं आणि तिचं काम १८९१ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या पुढाकाराने ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आलं. तारेच्या चौकटीचा आणि सरकत्या पट्टीचा प्रयोग या पानाशी जोडलाय, ते योग्यच आहे. फक्त चौकटीत दोऱ्याचं वेटोळं ठेवून त्याच्या आतला साबणाच्या पाण्याचा पापुद्रा फोडायचा असेल तर दोरा आधी साबणाच्या पाण्यात भिजवा. कोरडा दोरा पापुद्र्याला लागला की अख्खा पापुद्रा फुटतो. पापुद्रे जास्त वेळ टिकायला १०० मिलिमध्ये पाच मिलि डिटर्जंट आणि पाच मिलि ग्लिसरीन घ्या. ग्लिसरीन वेगळं आणावं लागेल.

वस्तू टिकवायच्या तर क्रम पाळा: मिठाचे प्रयोग आधी, डिटर्जंटचे नंतर, आणि चंचुपात्रांपैकी एक कायमचं डिटर्जंटसाठी खूण करून बाजूला ठेवा. प्लास्टिकला लागलेला डिटर्जंटचा अंश पुढच्या प्रत्येक पृष्ठताणाच्या प्रयोगात डोकावतो. टीडीएस मीटरची टोकं दर वापरानंतर ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून हवेवर वाळवा, पुसू नका. काट्यावर खारं पाणी सांडलं तर ते वाळू देऊ नका, लगेच ओल्या फडक्याने पुसा. संपृक्त मिठाचं पाणी कुणी चाखायचं नाही आणि ते कुंड्यांत ओतायचं नाही, भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडायचं. क्लिपा गंजतात, त्या दर वेळी कोरड्या करून पुडीत ठेवा. मीठ संपलं तर गुठळीरोधक नसलेलं घ्या. डिटर्जंट संपलं तर मीठ न घातलेलं मिळणं अवघड जाईल, म्हणून दाटपणाचा प्रयोग पहिल्या बाटलीतच उरकून घ्या.